ब्रेकचा दांडा आणि वास्तववाद

मराठीने 'वॅगन'ची 'वाघीण' केली. मालगाडीच्या त्या ओबडधोबड डब्यात वाघिणीचे काहीही नाही. पण कानाला जे जवळचे वाटले ते भाषेने उचलले आणि रूढ केले. कांद्यासाठी रेल्वेने पुरेशा वाघिणी दिल्या नाहीत, अशी बातमी वाचताना आज कुणाला हसू येत नाही, इतका हा शब्द मालवाहतुकीचाच होऊन गेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय ही वाघीणच आहे. मात्र रुळांवरची नव्हे, टेबलावरची, साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास लांबीची. ब्रिटनमध्ये अशा वाघिणींची किट मिळतात. प्रौढ माणसे ती विकत घेतात, अनेक संध्याकाळी खर्चून जोडतात, रंगवतात, मुद्दाम मळवतात आणि मग त्यांवरून आपसांत कडाक्याचे वाद घालतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या वादांकडे लक्ष द्यावे, असे मला वाटते.

त्याचे कारण असे. आपल्या समीक्षेत, आणि त्याहून अधिक आपल्या वर्गांत, 'बारकावे' हा शब्द फार सैल झाला आहे. कादंबरीत चुलीचे वर्णन आले, बैलाच्या झुलीचे आले, चाळीतल्या नळाचे आले, की उत्तरपत्रिकेत 'लेखकाने बारकावे उत्तम टिपले आहेत' हे वाक्य ठरलेले. कोणता बारकावा, तो तिथेच का, तो नसता तर काय बिघडले असते, हे विद्यार्थी लिहीत नाहीत आणि आपण विचारत नाही. बारकावे म्हणजे कथेच्या अंगावरचे दागिने. जितके अधिक तितकी कथा 'वास्तव'. या समजुतीने ग्रामीण, दलित, प्रादेशिक अशा सर्वच साहित्याच्या अध्यापनाचे नुकसान केले आहे. वाघिणी जोडणाऱ्यांच्या जगात हा प्रश्न असा टाळता येत नाही, कारण तिथे प्रत्येक बारकावा हाताने कापून, घासून, चिकटवून बसवावा लागतो. आणि बसवण्याआधी तो का आहे हे ठाऊक नसेल तर तो हमखास चुकीच्या जागी बसतो.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. ब्रिटिश हौशी मंडळींत सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण एका फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे मूळ वस्तूच्या सुमारे शहात्तराव्या भागाचे. पार्कसाइड, स्लेटर्स, केंब्रियन, रेशियो ही किट बनवणाऱ्यांतली जुनी नावे; त्यांपैकी पार्कसाइड आणि रेशियो आता पेको या कंपनीच्या छत्राखाली आहेत. एअरफिक्सने काढलेले पोलादी कोळसा-वाघिणीचे किट पुढे डॅपोलच्या नावाने मिळत राहिले. खोक्यात असतात त्या पॉलिस्टायरीनच्या जाळीदार चौकटी: वाघिणीच्या दोन बाजू, दोन टोके, तळ, खालच्या लांब तुळया, इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षरासारखे दिसणारे चाकांचे पाय, आसाच्या पेट्या, स्प्रिंगा, बफर, ब्रेकची जोडणी. धारदार चाकू, कानस, चिमटा आणि प्लास्टिकला किंचित वितळवून सांधणारा द्रव एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. बाजू तळाशी काटकोनात आहेत ना, चारही चाके सपाट काचेवर एकाच वेळी टेकतात ना, हे पाहिले की मूळ सांगाडा उभा राहतो. तेवढे एका संध्याकाळीही होते. खरे काम त्यानंतरचे.

रेल्वेच्या प्रतिकृतींत मान असतो तो इंजिनाला. इंजिनाला नाव असते, त्याच्या आठवणी लिहिल्या जातात, त्याची चित्रे भिंतीवर लागतात. वाघिणीला क्रमांक असतो. पण ज्या रेल्वेची ही प्रतिकृती, ती उभी राहिली आणि टिकली मुख्यतः मालावर, त्यातही कोळशावर. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा नव्या सरकारी रेल्वेच्या पदरात सुमारे बारा लाख वाघिणी पडल्या. इंजिने त्या मानाने मूठभर. तरीही बहुतेक हौशी लोक इंजिने जमवतात आणि मागे जोडायला म्हणून वाघिणी घेतात. वाघिणीलाच विषय मानणारे थोडे, आणि मला रस आहे तो या थोड्यांत. जेफ केंट यांनी 'द फोर एमएम वॅगन' या नावाने अनेक भागांचे पुस्तक याच एका विषयावर लिहिले. राजाचा इतिहास सोडून रयतेच्या दप्तराकडे वळलेल्या इतिहासकाराची वृत्ती अशा लेखनात दिसते.

या जगातली पहिली लक्षवेधी गोष्ट म्हणजे त्याच्या पायाशी असलेले, सर्वांना ठाऊक असलेले असत्य. ब्रिटिश रेल्वेच्या दोन रुळांमधले खरे अंतर चार फूट साडेआठ इंच. फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने ते १८.८३ मिलिमीटर व्हायला हवे. प्रत्यक्षात दुकानात मिळणारे रूळ आणि गाड्या १६.५ मिलिमीटरच्या असतात. दोन महायुद्धांच्या दरम्यान जेव्हा हे प्रमाण रूढ झाले, तेव्हा युरोपातल्या साडेतीन मिलिमीटर प्रमाणाच्या रुळांवर ब्रिटिश गाड्या बसवायच्या होत्या. पण ब्रिटिश गाड्या मुळात अंगाने लहान, त्यांत तेव्हाच्या मोटरी मावेनात. म्हणून अंग थोडे वाढवले आणि रूळ तसेच ठेवले. परिणामी आजही बहुतेक ब्रिटिश प्रतिकृती आपल्याच प्रमाणाच्या हिशेबाने सात इंच अरुंद रुळांवरून धावतात. ज्यांना हे खपत नाही त्यांच्यातले काही १८.२ मिलिमीटर वापरतात, तर सर्वांत कर्मठ पंथ नेमके १८.८३ वापरतो आणि चाकांच्या कडांची जाडीसुद्धा त्याच हिशेबाने ठेवतो. आपल्या ब्रॉडगेजची वाघीण याच प्रमाणात कुणी केली, तर साडेपाच फुटांचे नेमके २२ मिलिमीटर होतील.

आपल्याकडे दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात. त्यांत महाराज बुरुजाहून उंच असतात, मावळ्याशेजारी प्लास्टिकचा वाघ उभा असतो आणि हळिवाची कुरणे तटाच्या उंचीला भिडतात. त्यात काहीही खोटे वाटत नाही, कारण किल्ल्याने मापाचा दावा केलेलाच नसतो. तो भावाचे प्रमाण पाळतो. वाघिणीची प्रतिकृती मात्र मापाचा दावा करते आणि तरीही सात इंचांची तडजोड पोटात घेते. वास्तववादी कादंबरीची अवस्था अगदी हीच नाही काय? तीही मापाचा दावा करते, आणि तिच्याही पायाशी सर्वांनी मान्य केलेली एक तडजोड असते: सर्वज्ञ निवेदक, अशिक्षित पात्राच्या मनातले प्रमाण भाषेतले विचार, तीस वर्षांचा तीनशे पानांत मावलेला काळ. असत्य आहे म्हणून वास्तववाद खोटा, असे म्हणणारा समीक्षक आणि १८.८३ चा कर्मठ हे एकाच घराण्यातले. दोघांचा मुद्दा बिनतोड असतो. पण १६.५ च्या रुळावर राहूनही ब्रेकचा एकेक भाग अचूक बसवणारा माणूस काय साधतो, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते.

आता ब्रेककडेच येऊ. ब्रिटनमधल्या कोळशाच्या वाघिणी बराच काळ रेल्वे कंपन्यांच्या नव्हत्या. त्या खाणमालकांच्या, कोळशाच्या व्यापाऱ्यांच्या, कारखान्यांच्या खाजगी मालकीच्या होत्या. इतक्या मालकांच्या वाघिणी एकाच रुळांवर चालायच्या, तर त्यांचे माप आणि बांधणी ठरवून देणे भाग होते. हे काम १८४२ मध्ये स्थापन झालेल्या 'रेल्वे क्लिअरिंग हाउस' या संस्थेने केले. तिने १८८७, १९०७ आणि १९२३ मध्ये ठरवून दिलेले नमुने प्रसिद्ध आहेत. १९२३ च्या नमुन्याची बारा टनी लाकडी वाघीण साडेसोळा फूट लांब, तिच्या दोन आसांत नऊ फूट अंतर. किटमध्ये ६६ आणि ३६ मिलिमीटर. या वाघिणींना इंजिनातून लागणारा ब्रेक नव्हता. प्रत्येकीला बाजूला एक लांब लोखंडी दांडा असे. तो हाताने दाबून खाली अडकवला की ब्रेक लागे. मोठ्या उतारावर गाडी माथ्याशी थांबवून एकामागून एक वाघिणींचे दांडे दाबून अडकवावे लागत.

आरंभीच्या कितीतरी वाघिणींना हा दांडा एकाच बाजूला होता. मालधक्क्याच्या यार्डात शंटिंग चालू असताना सुटी वाघीण अंगावर येत असेल आणि दांडा पलीकडच्या बाजूला असेल, तर शंटरने काय करायचे? दोन वाघिणींमधून किंवा त्यांच्या खालून पलीकडे जायचे, नाहीतर रूळ ओलांडून वळसा घालायचा. अंधारात, पावसात, धुक्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश रेल्वेत दरवर्षी शेकडो कामगार मरत आणि हजारो जायबंदी होत. त्यांत शंटिंगच्या कामावरच्या माणसांचा वाटा मोठा होता. या अपघातांच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, १९०० मध्ये रेल्वे कामगारांच्या अपघातांना आळा घालणारा कायदा झाला आणि त्या कायद्याखाली १९११ मध्ये आलेल्या नियमांनी वाघिणीला दोन्ही बाजूंनी लावता येणारा ब्रेक हवा असे ठरवले. जुन्या वाघिणींना मात्र मुदती मिळत गेल्या आणि मालकांनी त्या पुरेपूर वापरल्या.

किटमध्ये हा सारा इतिहास म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची, काडीसारखी एक प्लास्टिकची पट्टी. दांडा बाजूकडे तोंड करून उभे राहिल्यावर उजव्या हाताला यायला हवा. दोन्ही बाजूंनी उजवीकडेच. आता एक गंमत होते. काही वाघिणींत दोन्ही दांडे एकाच आडव्या दंडाला जोडलेले असतात. एका बाजूचा दांडा खाली दाबला की तो दंड एका दिशेने फिरतो. पलीकडचा दांडा वाघिणीच्या विरुद्ध टोकाकडे असल्याने तो खाली दाबला की दंड उलट दिशेने फिरेल आणि ब्रेक लागण्याऐवजी सुटेल. म्हणून एका बाजूला, आणि फक्त एकाच बाजूला, फिरण्याची दिशा उलटवणारा एक छोटा खटका बसवलेला असतो. या रचनेला मॉर्टन ब्रेक म्हणतात. नवखा माणूस सममितीच्या हव्यासाने तो खटका दोन्ही बाजूंना चिकटवतो. तसे केल्याने प्रतिकृती अधिक 'तपशीलवार' दिसते, पण त्या वाघिणीचा ब्रेक एका बाजूने कधीच लागणार नाही. चिकटवणाऱ्याने तपशील पाहिला, पण तो कुणाच्या हातासाठी आहे हे पाहिले नाही.

रोलाँ बार्थ यांनी १९६८ च्या 'वास्तव-परिणाम' या निबंधात फ्लोबेरच्या एका कथेतील वायुभारमापकाचा विचार केला आहे. त्या खोलीत पियानोच्या वर टांगलेला तो वायुभारमापक कथेच्या रचनेत काहीच करत नाही. बार्थ यांचे म्हणणे, असे निरुपयोगी तपशील फक्त एकच गोष्ट सांगतात: हे वास्तव आहे. आपल्याकडे 'बारकावे टिपले आहेत' हे वाक्य नकळत याच पातळीवर वापरले जाते, फरक इतकाच की बार्थ तिथे शंका घेतात आणि आपण तिथे गुण देतो. मॉर्टनचा खटका मला बार्थ यांच्या विवेचनाला पडलेली एक खाच वाटतो. दुरून पाहणाऱ्याला तोही वायुभारमापकाइतकाच निरुपयोगी. पण तो तिथे आहे, कारण काही माणसे मेली, चौकशी झाली, नियम आला, आणि कुणातरी कारागिराने तो नियम स्वस्तात पाळण्याची युक्ती काढली. 'मी वास्तव आहे' एवढेच म्हणून तो थांबत नाही. माझ्या आधी काय होते, हेही तो सांगतो.

१९३६ मध्ये ल्युकाच यांनी 'कथन की वर्णन?' असा प्रश्न विचारत झोलाच्या 'नाना'तील घोड्यांची शर्यत आणि टॉल्स्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'तील शर्यत शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. झोलाची शर्यत प्रेक्षकाच्या जागेवरून दिसते, टॉल्स्टॉयची शर्यत धावणाऱ्याच्या जिवाशी बांधलेली असते. हाच भेद वाघिणीला लावून पाहावा. प्रेक्षकाच्या जागेवरून ब्रेकचा दांडा ही एक काळी रेघ आहे. शंटरच्या जागेवरून तो जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. तपशील प्रेक्षकाच्या जागेवरून आला आहे की काम करणाऱ्याच्या, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारला, तर चुलीच्या आणि नळाच्या वर्णनांतली भेसळ त्याची त्याला दिसू लागेल. नळावरची रांग लिहिताना पाणी किती वाजता येते आणि किती वाजता जाते हे ज्या लेखकाला ठाऊक आहे, त्याच्या वर्णनात हंड्यांची संख्यासुद्धा अर्थाची असते.

तपशिलाला काळ असतो, हाही धडा इथेच मिळतो. 'कोळशाची लाकडी वाघीण' अशी कोणतीच वस्तू नसते. असते ती अमुक सालची. १९३० च्या दशकातील यार्डात ती मालकाच्या नावाच्या ठळक अक्षरांनी रंगलेली असेल. ही वाघीण रिकामी झाली की आपल्या खाणीकडे परत जायची. म्हणून एखाद्या गावच्या यार्डात कोणाच्या नावाच्या वाघिणी उभ्या आहेत, यावरून त्या गावाचा कोळसा कुठून येत होता ते कळते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि खाजगी वाघिणी सरकारने ताब्यात घेऊन एकत्र केल्या. १९४८ मध्ये त्या, पाच लाखांहून अधिक, राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. त्यांना नव्याने रंगवायला पैसाही नव्हता आणि वेळही. म्हणून १९५० च्या सुमाराची वाघीण करायची तर जुन्या मालकाचे नाव विटलेले, पुसट ठेवायचे. मोडक्या फळ्यांच्या जागी बसवलेल्या नव्या फळ्या रंग न दिलेल्या, उघड्या लाकडाच्या ठेवायच्या, म्हणजे त्या नावातली अक्षरे मधूनच तुटतात. आणि खाली एका छोट्या काळ्या चौकोनात 'पी' या अक्षराने सुरू होणारा नवा सरकारी क्रमांक घालायचा. सात फळ्यांच्या त्या भिंतीवर भांडवल, युद्ध आणि राष्ट्रीयीकरण एकावर एक चढलेले असते. आणि कुणी आपला देखावा १९२६ च्या उन्हाळ्यातला म्हणून मांडला, तर? मे महिन्यात खाणमालकांनी टाळेबंदी केली होती. ती बहुतेक ठिकाणी नोव्हेंबर अखेरपर्यंत चालली. त्या देखाव्यातल्या वाघिणींत काळ्याभोर कोळशाचे ढीग रचणे म्हणजे संपाची बाजू घेणे न घेणे राहू द्या, त्या वर्षाचाच इन्कार करणे होय.

दुसरा मोठा वाद आहे साधारणतेचा. खाजगी वाघिणींचे रंगीत नमुने विकायला सोपे असतात. लाल, पिवळ्या, निळ्या, मोठाल्या अक्षरांच्या. त्यामुळे बहुतेक प्रतिकृतींत मालगाडी लग्नाच्या वरातीसारखी दिसते: वीस वाघिणी, वीस रंग, एकीसारखी दुसरी नाही. प्रत्यक्षात एका खाणीची गाडी म्हणजे तेच नाव पुन्हा पुन्हा, आणि रेल्वे कंपन्यांच्या वाघिणींत करड्या रंगाच्या छटा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या एखाद्या शाखेचा देखावा करणारा माणूस सगळ्या वाघिणी ग्रेट वेस्टर्नच्याच ठेवतो. त्याला तीच निष्ठा वाटते. पण पहिल्या महायुद्धात सुरू झालेल्या व्यवस्थेनुसार कंपन्यांच्या साध्या वाघिणी कोणीही कुठेही वापरू शकत असे. आणि वाघिणींचे सर्वांत मोठे ताफे होते दुसऱ्याच दोन कंपन्यांचे, एलएमएस आणि एलएनईआरचे. म्हणजे अस्सल ग्रेट वेस्टर्न यार्ड 'परक्या' वाघिणींनी भरलेले असायला हवे. स्थानिकतेचा आग्रह धरणाऱ्या आपल्या काही साहित्यचर्चांनी या उदाहरणापाशी थोडे थांबावे. प्रदेश शुद्ध करत नेला की तो खोटा होतो, कारण खरा प्रदेश बाहेरून आलेल्या मालाने आणि माणसांनी भरलेला असतो.

युद्धोत्तर काळातील सोळा टनी पोलादी वाघीण हे साधारणतेचे टोक. ब्रिटिश रेल्वेने तिच्या एकाच नमुन्याच्या दोन लाखांहून अधिक वाघिणी बांधल्या. तिच्यात देखणे असे काही नाही. करडा पत्र्याचा डबा, बाजूला दार, एका टोकाला उघडणारे दार, आणि ते टोक कोणते हे कळावे म्हणून बाजूवर ओढलेला एक तिरका पांढरा पट्टा. तो पट्टाही सजावटीचा नाही. वाघीण तिरपी करून कोळसा ओतणाऱ्या माणसाला कोणते टोक पुढे हवे हे लांबून दिसावे म्हणून तो आहे. अशा तीस वाघिणी एकसारख्या जोडायच्या, आणि तरी कोणत्याही दोन सारख्या दिसू नयेत, असे गंजवायचे, हे या छंदातले सर्वांत अवघड काम मानले जावे असे मला वाटते. साधारण माणसाचे चित्रण करणाऱ्या लेखकापुढचे आव्हान याहून वेगळे नसते. विक्षिप्त पात्र उभे करणे सोपे. तिसाव्या कारकुनाला एकोणतिसाव्याहून वेगळा करणे कठीण.

गंजाबद्दलही दोन शब्द. पोलादी वाघीण आतून गंजते, कारण ओला कोळसा आणि त्याचे आदळणे रंग टिकू देत नाही. मग पत्र्यांच्या सांध्यांतून, तळाच्या कडेतून गंज बाहेर फुटतो. हे ज्याला ठाऊक आहे तो आतून सुरुवात करतो. ज्याला नाही, तो बाहेरून सर्वत्र सारखा तपकिरी रंग फासतो. पहिल्याचा गंज कारणाने येतो, दुसऱ्याचा 'परिणामा'साठी. दारिद्र्याचे असे फासलेले तपकिरी रंग आपल्याही साहित्यात पुष्कळ आहेत, आणि ते आपण 'भेदक वास्तव' म्हणून अभ्यासक्रमाला लावतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. हा छंद मुळात स्मरणरंजनाचा, सुखवस्तू पुरुषांचा. कोळशाच्या वाघिणी आहेत, पण खाणीत खोकणारा माणूस नाही. शंटरचा दांडा आहे, पण तुटलेला पाय नाही. लेव्ही-स्ट्रॉस यांनी १९६२ मध्ये लघुप्रतिकृतीविषयी लिहिताना दाखवले होते की वस्तू लहान केली की तिचा समग्रपणा आधी हाती येतो, आणि त्यातून तिच्यावर आपली सत्ता असल्याचे सुख मिळते. सत्तेचे हे सुख दुःखाला जागा देत नाही. यावर सारवासारव करण्यात अर्थ नाही. बहुतेक प्रतिकृतींच्या बाबतीत हा आक्षेप खराच आहे. मात्र स्मरणरंजन आणि नोंद यांत फरक करावा लागतो. रॉय इंग्लंड हा तरुण १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियातून ब्रिटनमध्ये आला, ऑक्सफर्डच्या परिसरातील खेड्यांची जुनी घरे बदलताना आणि नाहीशी होताना त्याने पाहिली, आणि तो ती मोजून, नोंदवून त्याच फुटाला चार मिलिमीटर प्रमाणात उभी करू लागला. १९५४ पासून लाँग विटनम येथे त्याचे पेंडन संग्रहालय आहे. तिथल्या झोपडीच्या छपराचे माप हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. हळहळ तिथेही असेल; पण ती मापाच्या शिस्तीखाली आहे. आणि शंटरचा पाय प्रतिकृतीत दाखवता येत नसला तरी दांडा उजव्या बाजूलाच का, हे विचारणारा माणूस त्या पायापर्यंत पोहोचू शकतो. सजावट म्हणून दांडा चिकटवणारा कधीच पोहोचत नाही. दुःख दाखवणे हे साहित्याचे काम. दुःखाकडे जाणारी वाट पुसू न देणे हे तपशिलाचे.

या छंदापुढचे आजचे संकट आपल्या ओळखीचे आहे. नव्वदीच्या दशकापासून ब्रिटिश कंपन्यांचे उत्पादन चीनमध्ये होऊ लागले आणि तयार वाघिणींचा दर्जा झपाट्याने सुधारला. खोके उघडायचे, रुळावर ठेवायची. ब्रेकचा दांडा योग्य बाजूला, खटका एकाच बाजूला, क्रमांक अचूक, हवा असल्यास गंजसुद्धा कारखान्यातूनच. त्रिमितीय छपाईने तर किट कापण्याचीही गरज कमी केली. मग जोडायचे कशाला? व्यवहाराच्या दृष्टीने या प्रश्नाला उत्तर नाही. तयार वाघीण बहुधा घरी जोडलेलीपेक्षा सरसच असते. पण तिच्या मालकाला विचारावे, की हा खटका इथे का? तो म्हणेल, कंपनीने दिला आहे. तपशील अचूक आहे आणि ज्ञान शून्य आहे.

आपल्या वर्गांत हेच घडते आहे. गाईडमध्ये कादंबरीचे सगळे बारकावे तयार मिळतात, क्रमवार, अचूक. आता तर यंत्राला विचारले तरी मिळतात. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका पूर्वीच्यापेक्षा अधिक तपशीलवार झाली आहे, हे कबूल करावे लागेल. पण त्याने एकही पट्टी चौकटीतून स्वतः कापलेली नाही, कुठे बसते ते ताडून पाहिलेले नाही, आणि म्हणून चुकीच्या बाजूला बसवून ती उपटण्याची वेळही त्याच्यावर आलेली नाही. अचूकतेची सवय ही चुकीच्या बाजूला चिकटलेल्या पट्टीतूनच लागते. ती संधी काढून घेतली की उरते ते पाठांतर, मग ते कितीही बारीक असो.

यावर उपाय म्हणून वर्गात वाघिणी वाटाव्यात, असे मी म्हणत नाही. (पुण्यातल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात विद्यार्थ्यांना एकदा न्यायला मात्र हरकत नाही; प्रमाण म्हणजे काय हे तिथे दहा मिनिटांत कळते.) म्हणणे एवढेच, की 'बारकावे' हा शब्द उत्तरपत्रिकेत आला की त्याच्यापुढे तीन प्रश्न लिहिण्याची सवय अध्यापकांनी लावून घ्यावी. हा तपशील कुणाच्या हाताला लागणारा आहे? तो कोणत्या सालचा आहे, म्हणजे दहा वर्षे आधी किंवा नंतर तो असाच असता काय? आणि तो उलट्या बाजूला चिकटवला, तर कथेतले काय चालेनासे होईल? तिसऱ्या प्रश्नाला 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर तो वायुभारमापक आहे. त्याला गुण देऊ नयेत, मग लेखकाचे नाव कितीही मोठे असो. उत्तर आले तर विद्यार्थ्याने कादंबरी वाचली आहे असे समजावे. पुढच्या सत्रात एखाद्या उताऱ्यावर हा प्रयोग करून पाहावा. पहिल्या तासाला वर्ग गप्प बसेल. ते गप्प बसणे गाईडमधल्या दहा मुद्द्यांपेक्षा अभ्यासाच्या अधिक जवळचे असेल.